जिप्सम बोर्डचे जॉइंट घरी टेप करायचेत? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हॉलचं फॉल्स सीलिंग करून घेतलं आणि पहिला उन्हाळा सरतोय न सरतोय तोच वर बारीक सरळ रेघा उमटल्या, चार-चार फुटांवर, पट्टी ठेवून मारल्यासारख्या. एक भेग खरवडून बघितली तर आत टेपच नाही, नुसती पुट्टी भरलेली. मग ते सगळे जॉइंट मी स्वतः उघडून परत केले, नंतर बेडरूमचं केलं, नंतर भावाच्या सिंहगड रोडच्या घरातलं पार्टिशन. तेव्हापासून सोसायटीतले, ऑफिसातले, नात्यातले सगळे तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

जिप्सम बोर्ड म्हणजे पीओपीच ना?

माल एकच, काम वेगळं. जिप्सम म्हणजे पाणी धरून बसलेलं कॅल्शियम सल्फेट, आपल्याकडे राजस्थानात नागौर-बिकानेरकडे निघतं. ते साधारण १५० अंशांपर्यंत भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि उरते ती पीओपीची पावडर, तिच्यात पाणी घातलं की ती ते परत पिऊन घेते आणि घट्ट होते. पीओपीचं सीलिंग जागेवर थापतात म्हणून ते सलग असतं. बोर्ड मात्र कारखान्यातूनच दोन्ही बाजूंना कागद लागून तयार येतो (कागदाच्या थरांत जिप्सम घालून पाट्या करायचं पेटंट अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेटने १८९४ मध्ये घेतलं, इतकी जुनी गोष्ट आहे ही) आणि घरात आपण ते तुकडे शेजारी शेजारी स्क्रूने बसवतो. तुकडा तिथे फट आलीच, आणि ती फट कशी बुजवली यावर सगळं सीलिंग चांगलं की वाईट ते ठरतं.

आणखी एक बघून ठेवा. आपल्याकडे सीलिंगला सहसा १२.५ मिमी जाडीचा, ६ बाय ४ फुटांचा बोर्ड येतो. त्याच्या सहा फुटी कडेवरून हात फिरवा, कडेकडे बोर्ड किंचित उतरता लागेल. तो उतार मुद्दाम दिलेला असतो, दोन बोर्ड शेजारी आले की मधे उथळ पन्हळ तयार होते आणि टेप आणि जॉइंटिंग कंपाउंड (फट बुजवायचा मऊ लगदा) तिच्यात बसून वरून सपाट होतं. चार फुटी कडेला हा उतार नसतो, तिथली गंमत पुढे सांगतो.

टेप लावायलाच पाहिजे का? आमचे मिस्त्री म्हणतात पुट्टी भरली की झालं.

लावायलाच पाहिजे. यात मी कोणाचंच ऐकणार नाही.

कारण असं, की बोर्ड ज्या पत्र्याच्या सांगाड्यावर अडकवलेला असतो तो उन्हाने जरासा हलतो, वरच्या मजल्यावर कोणी फर्निचर सरकवलं तरी हादरतो, दार आपटलं तरी हादरतो. हे हलणं केसाइतकं असतं पण ते सगळं येतं त्या फटीवर. नुसतं कंपाउंड दाबलेलं सहन करतं, ताणलं की तुटतं. टेप तो ताण दोन्ही बोर्डांवर पसरवते. विटेच्या भिंतीत कॉलम आणि वीट जिथे भेटतात तिथे प्लास्टरच्या आत जाळी मारतात ना, तोच हिशेब.

टेप न लावलेलं सीलिंग पहिले काही महिने छानच दिसतं, सगळी गफलत तिथेच होते, कारण तोवर पैसे देऊन झालेले असतात आणि माणसं पुढच्या साइटवर गेलेली असतात.

कागदाची टेप घेऊ की जाळीची?

मी कागदाची घेतो. ती ताणली जात नाही, आणि मधे घडीची रेघ असते त्यामुळे आतल्या कोपऱ्यात चटकन दुमडते. जाळीची टेप मागून चिकट असते म्हणून नवख्या माणसाला सोपी वाटते, सरळ चिकटवली की झालं, फुगे नाहीत. पण फायबरचे ते धागे थोडे देतात, आणि वर बादलीत तयार कालवून मिळणारं रेडीमिक्स कंपाउंड मारलं तर भेग यायची शक्यता वाढते. जाळीच वापरायची असेल तर पहिला कोट तरी पाण्यात कालवून घट्ट होणाऱ्या पावडर कंपाउंडचा मारा. डाउनलाइट हलवल्यावर राहिलेलं भोक बुजवायला जाळी चांगली, सबंध सीलिंगला कागदच.

रेडीमिक्स कंपाउंड की पावडर? घरात वॉल पुट्टीची गोणी पडलीये, ती चालेल का?

वॉल पुट्टी नको. ती व्हाइट सिमेंटची असते, सिमेंटच्या भिंतीवर पातळ थर द्यायला केलेली. जिप्समच्या फटीत भरली तर कडक होऊन चिरते आणि टेपही ती नीट धरत नाही. पूर्ण काम झाल्यावर रंगाआधी पातळ हात म्हणून पेंटर ती सगळीकडे मारतात तो वेगळा विषय, पण जॉइंटमध्ये जॉइंटिंग कंपाउंडच पाहिजे. साधं पीओपीही नको, ते इतक्या पटकन घट्ट होतं की टेप नीट बसवेपर्यंत हातातच दगड होतो.

आता रेडीमिक्स आणि पावडर यातला फरक. रेडीमिक्स पाणी उडून वाळतं, म्हणजे वाळताना बसतं, आक्रसतं, म्हणून जाड थर मारला की चिरलाच. पण हाताला लोण्यासारखं लागतं, घासायला सोपं, आणि झाकण घट्ट लावलं तर टिकतं. पावडर कंपाउंड वाळत नाही, घट्ट होतं, पीओपीसारखी रासायनिक क्रिया असते त्यामुळे फारसं आक्रसत नाही आणि मजबूत असतं, पण वेळेच्या आत संपवावं लागतं आणि घासायला कठीण. किती वेळ मिळतो ते गोणीवर छापलेलं असतं, कालवायच्या आधी वाचा. माझी पद्धत अशी की फटी भरणं आणि टेप बसवणं पावडरने, वरचे दोन हात रेडीमिक्सने.

पावडर कालवताना आधी पाणी आणि मग पावडर, गार स्वच्छ पाणी, आणि घमेलं दरवेळी घासून धुतलेलं. हे शेवटचं लोक सोडून देतात. जुन्या घट्ट झालेल्या मालाचे कण नवीन मालात गेले की नवीन माल निम्म्या वेळात धरायला लागतो. आणि धरायला लागलेला माल पाणी घालून परत मऊ करू नका, टाकून द्या, जीव गेलेला असतो त्यातला.

धुतलेलं पाणी सिंकमध्ये अजिबात ओतायचं नाही. पाइपच्या आत जाऊन घट्ट होतं. बादलीत ठेवा, गाळ खाली बसला की वरचं पाणी झाडांच्या कडेला किंवा बाहेर ओता आणि गाळ वाळवून राडारोड्यात द्या.

सामान काय काय लागतं आणि पुण्यात कुठे मिळतं?

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास बोर्ड, चॅनल (सांगाड्याच्या पत्र्याच्या पट्ट्या), टेप, कंपाउंड सगळं एका फेरीत होतं. हत्यारं रविवार-बुधवार पेठेत. चार इंची, सहा इंची आणि दहा-बारा इंची असे तीन पत्रे घ्या, पेंटर ज्याने पुट्टी मारतात तेच, फक्त कड सरळ आहे ना ते दुकानातच काचेवर ठेवून बघा, कड वाकडी असेल तर प्रत्येक हाताला रेघ येणार. एक घमेलं, १५० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाचा सपाट ठोकळा, कटर, चांगला टॉर्च, एन९५ मास्क. आणि मजबूत घोडी, प्लास्टिकचं स्टूल नको, वर बघत काम करताना पाय कुठे आहे ते कळत नाही.

दहा बाय बाराच्या खोलीला टेप किती?

बोर्ड ६ बाय ४ असतील तर पाच लागतात. बारा फुटी दोन लांब जॉइंट म्हणजे २४ फूट, आडवे जॉइंट एकाखाली एक न आणता सरकवून बसवले तर आणखी १४ फूट धरा, आणि भिंतीच्या कडेने फिरून ४४ फूट. झाले ८२, म्हणजे २५ मीटर. वाया जाणारं धरून ३० मीटर. भिंतीच्या कडेला टेपऐवजी खाच ठेवणार असाल तर निम्म्यात भागेल.

टेप लावायच्या आधी काय तपासायचं?

इथे अर्धा दिवस गेला तरी जाऊ दे. बोर्डला हाताने वर दाबा. हलला, टकटक आवाज आला, तर तिथे स्क्रू कमी आहेत, आणि हलत्या बोर्डवर कितीही भारी टेप लावा, तुटणारच. सीलिंगला स्क्रू साधारण २३० मिमीवर एक हवा, कडेपासून १० ते १५ मिमी आत. स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित खाली गेलेलं हवं पण कागद फाटलेला नको, कारण बोर्डला धरून ठेवतो तो कागदच, आतलं जिप्सम नाही. फाटला असेल तर तो स्क्रू सोडून द्या आणि दोन बोटं बाजूला नवीन मारा. पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून फिरवा, टिक असा आवाज आला की डोकं वर आहे, अजून अर्धा फेरा द्या.

मोठ्या फटी असतील तर त्या आधी पावडर कंपाउंडने भरून घट्ट होऊ द्या, त्यानंतर टेप. कापलेल्या कडेचा कागद लोंबत असेल तर कटरने तिरका छाटा. आणि धूळ पुसा, ओल्या नाही, पिळलेल्या फडक्याने.

लाइटची भोकं, एसीचं पाइपिंग, वायर ओढणं सगळं या आधी झालेलं हवं. नाहीतर इलेक्ट्रिशियनदादा तुमच्या ताज्या जॉइंटवर कोपर टेकवून उभे राहतील.

बरं, आता टेप प्रत्यक्ष लावायची कशी?

पन्हळीत चार इंची पत्र्याने कंपाउंड भरा, सलग, मधे कोरडा ठिपका ठेवायचा नाही. घट्टपणा श्रीखंडासारखा, पत्रा उलटा केला तर लगेच पडू नये. एका वेळी जितकं जमेल तितकंच भरा, सुरुवातीला तीन-चार फूट पुरे. मग टेप घ्या, रोलमध्ये जी बाजू आत वळलेली असते ती बोर्डकडे, मधली रेघ बरोबर फटीवर. हाताने हलकी टेकवत जा. आता सहा इंची पत्रा तिरका धरून मधून एका टोकाकडे ओढा, मग मधून दुसऱ्या टोकाकडे. दाब असा की टेपखालून जादा कंपाउंड दोन्ही कडांनी बाहेर यावं पण सगळं येऊ नये, पातळ थर खाली राहिलाच पाहिजे कारण टेप चिकटते ती त्याच्यावर. खूप जोरात ओढलं की टेप कोरडी पडते आणि दुसऱ्या दिवशी सोललेल्या सालीसारखी हातात येते, अगदी हलक्या हाताने ओढलं तर खाली माल जाड राहून उंचवटा होतो. हा दाब सांगून कळत नाही, उरलेल्या बोर्डच्या दोन तुकड्यांवर खाली जमिनीवर चार-पाच वेळा करून बघा, वर चढा ते त्यानंतरच.

कडेला आलेला माल गोळा करून त्याचाच एक अगदी पातळ हात टेपवरून लगेच फिरवा आणि थांबा. तिथे परत परत जाऊ नका. अर्धवट वाळलेल्यावर पत्रा फिरवला की तो माल ओढला जातो, भेगाळतो, आणि मग तुम्ही ते दुरुस्त करायला आणखी माल लावता, हे चक्र मी एका रात्री बारा वाजेपर्यंत चालवलेलं आहे, सकाळी सगळं काढावं लागलं.

पूर्ण वाळलं की दुसरा हात, साधारण आठ इंच रुंद. वाळला की तिसरा, दहा-बारा इंच रुंद आणि पाण्यासारखा पातळ थर. प्रत्येक वेळी कड मारायची म्हणजे पत्र्याचं बाहेरचं टोक जास्त दाबून माल शून्यावर आणायचा. हात फिरवला तर कुठे सुरू झालं कुठे संपलं ते लागता कामा नये. स्क्रूच्या डोक्यांनाही असेच तीन पातळ हात.

चार फुटी बाजूचे जॉइंट फुगलेले दिसतात, काय चुकलं?

बहुतेक काहीच चुकलं नाही, तिथे उतार नसतो ना, त्यामुळे टेप पन्हळीत न बसता बोर्डच्या वरच बसते आणि उंचवटा होणारच. तो घासून घालवायच्या भानगडीत पडू नका, टेप उघडी पडेल. उपाय उलटा आहे, आणखी पसरवा. दोन्ही बाजूंना मिळून दीड-दोन फुटांपर्यंत कंपाउंड नेलं की तो दीड-दोन मिमीचा चढ डोळ्याला कळतच नाही. शिवाय हे जॉइंट एका ओळीत येऊ देऊ नका, वीटकामात सांधा सोडतात तसे सरकवा, आणि अर्धा कापलेला बोर्ड असेल तर कापलेली कड भिंतीकडे आणि कारखान्याची उतरती कड शेजारच्या बोर्डकडे ठेवा.

कोपऱ्यांचं काय?

आतल्या कोपऱ्यात टेप मधोमध दुमडून बसवायची आणि एका दिवशी एकच बाजू फिनिश करायची, दोन्ही एकदम केल्या तर एकीवर पत्रा फिरवताना दुसरी खरवडते. बाहेरच्या कोपऱ्याला, म्हणजे पार्टिशनच्या कडेला किंवा सीलिंगच्या पायरीला, कॉर्नर बीड (कोपऱ्यावर बसणारी काटकोनी पट्टी) लावा, नुसती टेप पहिल्या धक्क्याला चेपते.

सीलिंग जिथे सिमेंटच्या भिंतीला भेटतं तिथे मात्र दोन वेगळ्या जातीची माणसं एका घरात असल्यासारखं आहे, भिंत एका चालीने हलते, बोर्ड दुसऱ्या. माझं मत असं की तिथे सरळ १० मिमीची खाच ठेवावी किंवा रंग घेणारं ॲक्रिलिक सीलंट भरावं, ते ताण सहन करतं.

एक हात वाळायला किती वेळ? पावसाळ्यात करू का?

रेडीमिक्सला कोरड्या हवेत साधारण २४ तास. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीच ओल धरतात तेव्हा दोन दिवसही लागतात, कधी जास्त. घड्याळ बघू नका, रंग बघा, ओलं असतं तोवर काळपट दिसतं, वाळलं की एकसारखं पांढरं होतं आणि हाताला गार लागत नाही. दिवाळीआधी रंग उरकायचा म्हणून लोक सप्टेंबरात घाई करतात, ओल्यावर दुसरा हात मारतात, आणि मग डिसेंबरात हवा कोरडी झाली की सगळं एकदम आक्रसतं. माझ्या मते दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास, वरचा पापुद्रा झटकन वाळतो आणि आतलं ओलं राहतं, तेव्हा खिडक्या थोड्या लावून घ्या आणि पेडेस्टल फॅनचा झोत जॉइंटवर सोडू नका. पावसाळ्यात करावंच लागलं तर पावडर कंपाउंड वापरा, त्याला हवेची तितकी पडलेली नसते.

टेपवर फुगा आलाय.

खाली माल नव्हता. दाबून बसत नाही, रंगाखाली लपतही नाही. कटरने तेवढा तुकडा कापून काढा, कंपाउंड भरा, नवीन तुकडा बसवा.

घासताना धूळ फार होते, घरात लहान मूल आहे.

मग आधी माल कमी लावा, हे मी मनापासून सांगतोय. ज्याचे हात पातळ आणि कडा शून्यावर, त्याला घासायला काही उरतच नाही, धुळीचा डोंगर म्हणजे आधी जाड मारल्याची खूण. ती धूळ पिठासारखी हवेत राहते, तिच्यात चुनखडी, टाल्क, अभ्रक आणि काही मालांत सिलिकाही असते, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन९५ मास्क लावा. बाळाला आणि दम्याच्या माणसाला त्या दोन दिवसांसाठी दुसरीकडे पाठवा. दाराला ओलं चादरीचं कापड लावा, एसी बंद ठेवा, नाहीतर तो धूळ ओढून घेईल. घरचा साधा व्हॅक्यूम क्लीनर या धुळीवर लावू नका, फिल्टर चोंदतो.

आमच्या मजल्यावरच्या काकूंना दमा आहे, त्यांच्या भिंतीला लागून काम होतं तेव्हा मी ओल्या स्पंजने घासलं. दाट स्पंज, घट्ट पिळलेला, गोल गोल हलक्या हाताने. फिनिश पेपरइतकं कडक येत नाही, पण धूळ शून्य. आणि पेपर असो की स्पंज, बोर्डचा मूळ कागद घासू नका, त्याला लव येते आणि ती रंगातून दिसते.

रंग दिल्यावर जॉइंटचे पट्टे दिसतात, असं का?

कागद रंग वेगळा पितो, कंपाउंड वेगळा. मधे प्रायमर नसेल तर त्याच रंगाच्या दोन चकाकी दिसतात. घासून, धूळ पुसून सगळ्या बोर्डवर एक हात वॉटर प्रायमर द्या. प्रायमर वाळला की रात्री दिवे बंद करून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा मारा, राहिलेला प्रत्येक खळगा सावली पाडेल, पेन्सिलने खूण करा आणि सकाळी भरा.

हल्ली सीलिंगच्या कडेने कोव्ह लाइट (खाचेत लपवलेला दिवा) लावतात त्यांनी हे दोनदा करा, कारण तो लाइट म्हणजे रोज रात्री लावलेला आडवा टॉर्चच आहे. अमेरिकेत फिनिशच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवलेल्या आहेत, त्यात चौथी नेहमीच्या रंगासाठी आणि पाचवी म्हणजे सबंध बोर्डवर पातळ हात फिरवणं, अशा आडव्या उजेडासाठी. कोव्ह असेल किंवा चकचकीत रंग देणार असाल तर पाचवी करा.

जुन्या सीलिंगला भेग आहे, वरून भरून चालेल?

एखादं वर्ष चालेल. नीट करायचं तर भेगेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच रंग-पुट्टी खरवडून बोर्डच्या कागदापर्यंत जा, बोर्ड हलत असेल तर स्क्रू मारा, मग वर सांगितलं तसं टेपपासून सगळं. पण भेगेभोवती पिवळा डाग असेल तर हात लावू नका, आधी वरच्या घरातली गळती बंद करून घ्या. भिजून मऊ झालेला बोर्ड वाळला तरी पूर्वीसारखा होत नाही, तेवढा कापून नवीन घाला, आणि बाथरूमला ओल सहन करणारा हिरव्या कागदाचा बोर्ड येतो तो वापरा.

मला स्वतः जमणार नाही, मिस्त्रींकडून करून घेताना काय बघू?

कोटेशनमध्ये कागदी टेप, जॉइंटिंग कंपाउंड आणि तीन हात असं लिहून घ्या. आणि टेप लावायच्या दिवशी घरी थांबा, सुट्टी घ्यावी लागली तरी घ्या, चहा द्या, शेजारी उभं राहून बघा, टेपचा फोटो काढून ठेवा. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही, उलट आमच्याकडे नंतर आलेल्या दादांनी मला पत्रा हातात देऊन पहिला जॉइंट माझ्याकडून मारून घेतला होता. दुसऱ्या हाताला ते तुमच्या घरी दुसऱ्या दिवशी येणार की त्याच संध्याकाळी, एवढं मात्र नक्की विचारा, कारण एका दिवसात रेडीमिक्सचे तिन्ही हात उरकतो म्हणणाऱ्याला मी काम देत नाही.